पालथी पानं

मित्रांनो, आत्ताच दवाखान्यातून घरी आलोय. कुणाला तरी सांगितल्याशिवाय घास उतरणार नाही.

बाहत्तरच्या दुष्काळात पारनेरला भिवा आणि मी खडी फोडायला होतो. जेवणाच्या सुट्टीत तीन पत्ती खेळायचो, डावावर खडे लावून. हातात काही नसताना मी चाल वाढवायचो आणि भिवा मला हमखास पकडायचा. म्हणायचा, "शेवटच्या चालीला पानं हलकी असली, तर गुमान पालथी टाकून डाव सोडावा. त्यात कसली लाज न्हाई."

आज सावेडीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी त्याला आणखी एका ऑपरेशनचं विचारलं. नळीमुळं त्याला बोलता येत नाही. त्यानं माझ्याकडं बघत तळहात हळूच चादरीवर पालथा ठेवला.

"भाऊजी, काय म्हनत्यात हे?" वहिनींनी विचारलं.

मी म्हणालो, "ऑपरेशन करा म्हणतोय."

वहिनींनी डोळे पुसून सही केली. भिवा माझ्याकडं बघत राहिला, मला पकडल्यावर बघायचा तस्साच.

आजही हातात काही नसताना मी चाल वाढवली. फक्त या वेळी डावावर खडे नव्हते, भिवा होता.

तुम्ही असता, तर वहिनींना खरं सांगितलं असतं का?