साफ करू का?

अन्याय माझ्या मोठ्या बहिणीवर झाला. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी, साडेअकराच्या सुमारास, समुद्रपूर तालुक्यातल्या आमच्या गावात, नव्या अंगणवाडीच्या पायऱ्यांवर, सगळ्या गावासमोर. करणाऱ्याला वाटत होतं, आपण सत्कार करतोय.

ताई अंगणवाडी सेविका आहे. आधी समाजमंदिराच्या पडवीत, मग कोणाच्या तरी रिकाम्या गोठ्यात तिनं गावची पोरं सांभाळली आणि इमारतीसाठी पंचायत समितीच्या चकरा मारल्या. शेवटी इमारत झाली. उद्घाटन म्हटलं की फ्लेक्स आलाच. वर पाहुण्यांचे मोठे फोटो, खाली कोपऱ्यात ताईचा, आणि त्याखाली 'ज्यांच्या प्रयत्नातून'.

ताई काळी आहे. सावळी नाही, काळी. मुद्दाम लिहितो, कारण आमच्या घरात हा शब्द तिच्याबद्दल कोणी वापरला नाही. आई 'सावळी' म्हणायची. पाहायला आलेले लोक 'रंग जरा दबलेला' म्हणायचे आणि चहा पिऊन निघून जायचे. फ्लेक्सवरची बाई मात्र पिठात बुडवून काढल्यासारखी होती. गाल गुलाबी, नाकाची कड पुसलेली, कपाळावर ट्यूबलाइट.

उद्घाटनाच्या मुख्य पाहुण्यांनी एकदा फ्लेक्सकडे पाहिलं, एकदा पायरीवर उभ्या बायांकडे, आणि शाल-श्रीफळ घेऊन सरळ किराणा दुकानदाराच्या बायकोकडे गेले. ती बिचारी ओवाळायला ताट घेऊन उभी होती. ती गोरी आहे, एवढाच तिचा संबंध. "मी नाई जी, मी नाई," म्हणेपर्यंत शाल तिच्या खांद्यावर पडली आणि फोटो निघाला.

लोक हसले. तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी बैल घेऊन नटून आलेली पोरंही हसली. मागून एक जण म्हणाला, "बाई फोटोत गोरी झाली, पण फ्लेक्सवरून खाली उतराचं राह्यलं." तेव्हा तर ताईसुद्धा हसली. दुकानदारीणबाईंनी शाल काढून तिच्या हातात दिली. "घ्या बाई, तुमची अमानत." दुसरी शाल आणलेली नव्हती.

मी पत्रकं काढणारा माणूस आहे. अन्याय दिसला की मला आधी मथळा सुचतो. दुसऱ्याच दिवशी जाम गावच्या चौकात गेलो. हायवेला लागून फ्लेक्सचं दुकान आहे, आमच्या संघटनेची पत्रकंही तिथंच छापतो, त्यामुळे दुकानदार ओळखीचा. मी आवाज चढवला. तो शांतपणे म्हणाला, "भाऊ, मी विचारलं होतं ना. ताईले म्हटलं, साफ करू का? ताई म्हणे, करा."

"म्हणून गोरं केलं?"

"मंग साफ म्हंजे काय रायते?"

त्यानं मला कॉम्प्युटरवर करून दाखवलं. सगळे चेहरे निवडायचे आणि एक बटण दाबायचं. वाढदिवसवाले, निवडणूकवाले, नवरदेव, सगळे एका दमात उजळतात. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर एक म्हातारे आजोबा होते, उन्हात जन्म गेलेले. बटण दाबलं आणि ते कुठल्या तरी थंड देशातले झाले.

"मेलेल्यालेही करते काय?"

"त्यायलेच जास्त. घरचे म्हणतात, आता तरी चांगला दिसू द्या. नाई केलं तर परत आणून देतात. तुम्हीच सांगा, मी धंदा करू का समाज सुधरवू?"

घरी येऊन ताईला विचारलं. ती तांदूळ निवडत होती.

"माह्याजवळ दुसरा फोटो नव्हता रे. जुन्या कागदावरचा काढून देला, त्याच्यावर गालापाशी अर्धा शिक्का उमटला होता. तो म्हणे साफ करू का. मले वाटलं, शिक्का."

"मग गेला का शिक्का?"

"गेला. त्याच्यासंगं मी बी गेली."

त्यानंतर मी या शब्दाच्या मागे लागलो. आमच्याकडे मुलीचा रंग 'साफ' असतो. हिंदीतून आला असेल, नागपूरकडून आला असेल, कुठून का असेना, घराघरांत मुक्काम ठोकून आहे. गोरं ते साफ, म्हणजे उरलेलं आपोआप मळकं. एवढी मोठी शिवी आपण रोज देतो आणि ती शिवी आहे हेही कळत नाही. यावर मी पत्रक काढलं. लोकांनी त्यात भजी बांधली.

पाहुण्यांना निवेदन द्यायला वर्ध्याला गेलो. ते इंग्रजांच्या काळातल्या रेस्ट हाऊसमध्ये उतरले होते. जाड भिंती, उंच छत, पुढे गोल खांबांचं पोर्च. बाहेर ताटकळत बसलो असताना दारावरच्या भिंतीत एक भोक दिसलं. तिथून पूर्वी पंख्याची दोरी बाहेर यायची. साहेब आत झोपायचा आणि दोरी ओढणारा आपला माणूस व्हरांड्यात बसायचा. साहेबाला वारा आत हवा होता, वारा घालणारा नको होता. म्हणून भिंत बांधतानाच भोक ठेवलं. माणूस दिसू नये याची सोय नकाशातच केली. आता त्या भोकातून एसीचा पाइप जातो.

पाहुणे चांगलं बोलले. "गैरसमज झाला हो. फोटोसारखी दुसरी कोणी दिसलीच नाही." ते खोटं बोलत नव्हते, आणि याचाच मला जास्त थकवा आला.

परत येताना आमच्या अंगणवाडीकडे नीट पाहिलं. पुढे दोन गोल पांढरे खांब, पोर्च. ठेकेदार कौतुकानं सांगायचा, "रेस्ट हाऊससारखं काढून देलं." पोर्चखाली वर्षातून एकदा पाहुण्यांची गाडी उभी राहणार. स्वयंपाकखोली मात्र मागे, वेगळी, दार उकिरड्याकडे. धूर दिसू नये, रांधणारी दिसू नये. पावसात ताई आणि मदतनीस खिचडीचं गंज, म्हणजे मोठं पातेलं, डोक्यावर पोतं घेऊन अख्ख्या इमारतीला वळसा घालून आणतात. साहेब जाऊन जमाना झाला, आमची खिचडी अजून त्याच्या नकाशानं चालते.

ताईनं या सगळ्यात एकच गोष्ट मागितली. पुढच्या भिंतीवर लेकराला भरवणारी आई रंगवायची होती. ताई पेंटरला म्हणाली, "भिंतीवरची माय माह्यासारखी काढजो." पेंटरकडे डबा एकच, 'स्किन कलर', म्हणजे गुलाबी. पण त्यानं ऐकलं. गेरू मिसळला, थोडा काळा टाकला. आई उभी राहिली, ताईच्या रंगाची. दुसऱ्या दिवशी एका लहान पोरीनं भिंतीला हात लावला आणि म्हणाली, "बाई." पोरं ताईला बाईच म्हणतात. ताई आत निघून गेली. बऱ्याच वेळानं बाहेर आली.

मग तालुक्याच्या ऑफिसातून तपासणीला मॅडम आल्या. भिंतीसमोर थांबल्या. "ही कुपोषित वाटते. इथं सुदृढ माता पाहिजे."

"मॅडम, ती जाडजूड आहे," मी म्हणालो.

"रंगानं वाटते हो."

ताई त्यांच्या शेजारीच उभी होती.

पेंटर परत आला. त्यानं ब्रश बुडवला आणि सवयीनं विचारलं, "बाई, साफ करू का?"

ताई म्हणाली, "काय घाण आहे ते दाखव. मंग कर."

त्यानं ब्रश डब्याच्या कडेला निथळला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "वरून सांगून राह्यले बाई, मी काय करू?" चेहरा गुलाबी केला. हातांपर्यंत आला तेव्हा डबा संपला. उद्या आणतो म्हणाला, अजून आलेला नाही. सध्या त्या आईचं तोंड गुलाबी आहे आणि घास भरवणारा हात काळा. उद्घाटनाचा फ्लेक्स आमच्या कुटारावर, म्हणजे गुरांच्या भुशाच्या ढिगावर, झाकलाय. गोऱ्या ताईवर कोंबड्या बसतात.

मी ग्रामसभेत उठून बोललो. "तुले दुसरं काम नाई काय?" असं विचारलं गेलं. नाही, दुसरं काम नाही. पण या कामाचा आता शीण येतो, कारण समोर कोणी दुष्ट उभा नाही. सगळे भले लोक आहेत आणि सगळ्यांच्या हातात ब्रश आहे.

म्हणून तुम्हाला सांगतो. लग्नाचा असो, निवडणुकीचा असो, घरात कोणी गेलं म्हणून असो, तुम्ही फोटो घेऊन दुकानात जालच. तो विचारेल, साफ करू का? नाही म्हणा. मागे उभ्या असलेल्यालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणा. आणि तो न विचारताच बटण दाबत असेल, तर त्याचा हात धरा.