उकिरड्यातल्या दोऱ्या

निम्मी केळी सोलून झाली होती, हात चिकाने काळे पडले होते, तेवढ्यात पोरांना शिकवणारी नाल्वोगा दारात आली. काखेत टोपली. टोपलीत आमच्या चर्चच्या बालवाडीतल्या पोरांनी वळलेल्या केळीच्या सोपटाच्या दोऱ्या, त्यांना आंबलेलं खरकटं चिकटलेलं, वर मुंग्या.

"कुठून उपसलंस हे?"

"चर्चमागच्या उकिरड्यातून. मोठ्या बाईंनी काल टाकल्या. तुझ्या किझाचीही आहे यात."

माझा नातू किझा अडीच वर्षांचा. सहा महिन्यांपूर्वी त्याला शेंग सोलता येत नव्हती. नाल्वोगाने आधी ओलं सोपट फाडायला दिलं, मग शेंगा फोडायला, मग मांडीवर पीळ द्यायला. नऊ वर्षं ती हेच करते आहे. पोराच्या हातातलं काम ओढून नीटनेटकं करून देत नाही. "बोटं त्याची, चुकूही दे त्यालाच," म्हणते.

आज सकाळीच चर्चमध्ये प्रार्थनेनंतर पाहुण्यांना पोरांचं काम दाखवलं होतं. बालवाडी चालवणाऱ्या मोठ्या बाईंनी मसाका शहराच्या बाजारातून जांभळ्या काठाच्या चटया आणून प्रत्येकीवर एकेका पोराचं नाव टाचलं. किझाच्या नावाची चटई बघून मीही टाळ्या वाजवल्या. देवाच्या घरात. ती किळस अजून हातावरून जात नाही, चीक परवडला.

मग मोठ्या बाई म्हणाल्या होत्या, "नाल्वोगा, पोरांनी हे कसं केलं ते सांग पाहुण्यांना."

तिने किझाला मांडीवर घेतलं, हातात सोपट दिलं. त्याने जीभ बाहेर काढून, लाळ गाळत पीळ दिला. वीतभर वाकडी दोरी झाली.

"एवढं येतं त्यांना," ती म्हणाली. "चटया कोणी विणल्या, मला ठाऊक नाही."

एका पाहुणीने ती ओली दोरी दोन बोटांनी उचलून मेलेल्या पालीसारखी बाजूला टाकली. मोठ्या बाईंनी नाल्वोगाकडून बालवाडीची किल्ली तिथेच मागून घेतली.

"आता पोरं कुठे बसवशील?" दारातल्या नाल्वोगाला मी विचारलं.

"तुझ्या फणसाखाली सावली बरी पडते."

"पाद्रीबाबा काय म्हणतील?"

"त्यांच्यापुढे टाळ्या वाजव. छान वाजवतेस."

मी सुरी ठेवली आणि फणसाखालचा पाला झाडायला घेतला.

उद्या किझा धरून चार पोरं येतील. नाल्वोगा सुकं सोपट आणायला ओढ्याकाठच्या केळीच्या बागेत गेली आहे.