वाग्नसाठी हुर्रे

माझा भाऊ लाउरिट्स याची मुलगी गुड्रुन कोपनहेगनला बायकांचे कोट शिवायची. शिलाई अशी, की कोट उलटा घातला तरी कुणाला कळू नये. आमच्या गावाला मात्र ती ठाऊकच नव्हती. गावाला ठाऊक होता वाग्न, खोगीरवाल्या लाउरिट्सचा एकुलता मुलगा, बापापाशी चामडं शिवायला शिकलेला आणि मिसरूड फुटायच्या वयात गाव सोडून गेलेला.

वाग्नची गुड्रुन होणं काही सोपं नव्हतं. आधी डॉक्टर, मग इंजेक्शनं, मग मंत्रालयाची परवानगी, मग ऑपरेशन, आणि दर वेळी नव्या माणसापुढे तीच कहाणी पहिल्यापासून. "आत्या, इतक्या डॉक्टरांपुढे कपडे काढून उभी राहिले, की आता लाज म्हणून उरली नाही," ती मला फोनवर म्हणाली होती. गावचं टेलिफोन एक्स्चेंज माझ्याच बैठकीच्या खोलीत होतं, त्यामुळे तिचे फोन माझ्या हातून जायचे. तिची लाज कुठे गेली ते मला दिसत होतं. ती सगळी तिच्या आईने उचलली होती.

पेट्रेया वहिनी वाईट नव्हती. एका हिवाळ्यात एक अमेरिकन माणूस आमच्या राजधानीत येऊन बाई होऊन गेल्याची बातमी जगभर गाजली, तेव्हा वहिनीने घरात आलेलं वर्तमानपत्र चुलीत घातलं. जणू गावात तो एकच अंक येत होता! आणि कुणी विचारायच्या आत तिने सांगून टाकलं, की वाग्न बोटीवर लागलाय, दक्षिण अमेरिकेच्या. पुढे तिला त्यात रंग भरायचा नादच लागला. नाताळात वाग्न वाल्परायसोला असायचा, ईस्टरला ब्यूनॉस आयर्सला. इतकं चांगलं पोर तिने समुद्रावर वाढवलं, की कधी कधी मलाही त्याची काळजी वाटायची.

मग दोघांच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली आणि गुड्रुनने कळवलं, की मी येणार. वहिनी माझ्याकडे येऊन रडली. शेवटी म्हणाली, येऊ दे, पण माझ्या मावसबहिणीची मुलगी म्हणून. मी तिला वाट्टेल ते बोलले. गुड्रुनने मात्र एका शब्दात मान्य केलं.

त्या दिवशी पहाटे शेजाऱ्यांनी दाराला हिरव्या फांद्यांची कमान बांधली, बँड वाजला, आणि दुपारी सगळं गाव सभागृहात जेवायला जमलं. अशा जेवणाला गाणं लागतंच. घरातल्या प्रत्येकावर एक कडवं, चाल ओळखीची, आणि म्हणायचं सगळ्यांनी मिळून. ते रचलं होतं थ्योगर वाण्याने. यमक जुळलं की त्याला आकाश ठेंगणं व्हायचं. शेवटचं कडवं वाग्नचं होतं: पोर दूर समुद्रावर एकटं, आणि आईशेजारची त्याची खुर्ची रिकामी. त्याच खुर्चीत बसून गुड्रुनने ते कडवं सगळ्यांबरोबर सुरात म्हटलं. बायकांनी डोळे पुसले.

थ्योगरने पेला उचलला. वाग्नसाठी तीनदा हुर्रे! सगळे उभे राहिले. गुड्रुन बसून राहिली.

तिने मुद्दाम केलं नाही, शपथेवर सांगते. हुर्रे ज्याच्यासाठी असतं त्याने बसून राहायचं, बाकीच्यांनी उठायचं, हे आमच्या पोरांच्या अंगात पहिल्या वाढदिवसापासून मुरतं. तिच्या नावाने पेले वर गेले आणि ती बसून राहिली, एवढंच.

माना वळल्या. "काय गं पोरी," थ्योगर म्हणाला, "कोपनहेगनात उभं राहायला शिकवत नाहीत वाटतं?" लोक हसले. गुड्रुनला तेव्हा उमगलं आपण काय केलं ते. ती हलली नाही. तिने फक्त आईकडे पाहिलं. लाउरिट्स पेला धरून खाली बघत होता. वहिनीच्या मानेपर्यंत लाली चढली होती, आणि तिने एका शब्दाने खरं सांगितलं असतं तर त्या क्षणी सगळं नाटक संपलं असतं.

"उठ गं," वहिनी म्हणाली. "लोक बघतायत."

गुड्रुन उठली. वाग्नच्या नावाने तिने तीनदा हुर्रे म्हटलं आणि पेला रिकामा केला. लाउरिट्सने आपला पेला न पिता खाली ठेवला, आणि नंतर नाच सुरू झाला तरी तो वहिनीबरोबर नाचायला उठला नाही. त्याची तब्येत बरी नाही, असं वहिनीने सगळ्यांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी आणि मी गुड्रुनला बसवर सोडायला गेलो. वहिनीने डबा भरून केक दिला, वर स्कार्फ नीट गुंडाळ म्हणून बजावलं. गुड्रुनने स्कार्फ गुंडाळला. बस सुटली तेव्हा समोर थ्योगर दुकान उघडत होता.

"पेट्रेया," तो मोठ्या आनंदात म्हणाला, "वाग्नला कळव हं, सगळं गाव त्याच्यासाठी उभं राहिलं होतं."

बस चर्चच्या वळणाआड जाईपर्यंत वहिनी तिकडे बघत राहिली.

"माझ्या मुलीला माहीत आहे ते," ती म्हणाली. "ती बसली होती, थ्योगर. मी उठवलं तिला."