वांग्याचा सातवा भाग

मी पंधरा वर्षं वांगं होतो आणि आता नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

सांगतो. महाराष्ट्र राज्य नवं नवं होतं तेव्हा माझं लग्न झालं. मेव्हण्यानं बहिणीच्या रुखवतात पापड-कुरडयांच्या मधोमध दहा पुस्तकं मांडली. 'तडिता'चे दहा भाग! ही तडिता दिवसा मुंबईत ट्राम हाकायची आणि दिवेलागणीनंतर रुळांखालच्या वेताळांना चाबकानं बदडायची. आमच्या वरवट बकालला ट्राम कोणी पाहिली नव्हती. (वेताळ दोघा-तिघांनी पाहिले होते.)

मिरची वाळली की बाया आमच्या अंगणात देठं खुडायला बसत आणि माझी बायको कमल त्यांना तडिता वाचून दाखवी.

"ट्राम म्हंजे काय वं?" शेजारच्या शेवंताकाकूंनी विचारलं.

"बिनबैलाची गाडी, काकू."

"मंग हाकते कोनाले?"

सहावा भाग संपला तेव्हा तडिता विहिरीत लोंबकळत होती आणि खाली वेताळ आ वासून! नेमका मी मळ्यातून आलो नि पाणी मागितलं.

"थांब ना रे!" शेवंताकाकू खेकसल्या. "पोरगी विहिरीत लटकून राह्यली, अन् तुले पानी सुचून राह्यलं?"

कमलनं तर वरही पाहिलं नाही. लग्नाला वर्ष झालं नव्हतं हो! मला तडितेचा मत्सर वाटला. आज लिहूनच टाकतो. दुसऱ्या दिवशी बाया यायच्या आधी मी सातवा भाग उचलला आणि बियाण्याच्या मिरच्यांच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून खुपसला. एक दिवस शोधू दे, मग देऊ काढून! आणि त्याच हातानं तोंडावरचा घाम पुसला.

बाया आल्या तेव्हा पुस्तक गायब आणि मी ओट्यावर ढसाढसा रडतोय.

"भल्लाच जीव होता बाप्पा याचा पुस्तकावर!" शेवंताकाकू हळहळल्या.

"उंदरानं नेलं असंल," मी हुंदके देत म्हणालो.

त्या उंदरापायी बिळं खणली, कोठ्या रिकाम्या केल्या, मांजर आणलं. या गोंधळात शेगावच्या बाजारची गाडी भरायची होती. दोन पोती जायची होती. मी तीन चढवली. तिसरं कोणतं, ते सांगायला नको!

मी गप्प बसलो. बाया मात्र गप्प बसेनात. तडिता विहिरीतून निघाली की नाही? शेवटी कमलनं रिकाम्या हातानं सातवा भाग सांगायला घेतला. त्यात तडितेला नवरा निघाला! पाण्याचा तांब्या घेऊन ट्राममागं धावणारा. वेताळानं त्याचं वांगं केलं आणि तडिता ते ओच्यात खोचून लढली. बाया माझ्याकडं बघून हसता हसता मिरच्यांवर कोसळल्या, मग अर्धा तास शिंकत बसल्या.

तेव्हापासून दरवर्षी मिरचीच्या हंगामात सगळे भाग पुन्हा वाचायचे. सातवा तोंडी. एका वर्षी वांगं काटेरी, एका वर्षी वेताळानं भरतासाठी निखाऱ्यावर ठेवलेलं! मी दाराआड उभा राहून माझा जीव वाचतो का ते ऐकायचो. सांगताना कमलचा हात नकळत ओच्यावर जायचा. तेवढ्यासाठी मी जन्मभर वांगं राहिलो असतो.

पण मन खात होतं. यंदा शेगावात जुन्या पुस्तकांच्या ढिगात सातवा भाग दिसला. आणला, तिच्या हातात दिला आणि सगळं सांगून टाकलं.

"मले माहीत हाय," कमल म्हणाली. "उंदरापायी कोनाचे डोये असे लाल होते का? मनून तं वांगं केलं तुमचं."

"मंग बोलली काऊन नाही?"

"तुमी काऊन नाही बोलले?"

परवा तिनं छापील सातवा वाचला. तडिता दुसऱ्याच पानावर विहिरीतून निघाली. स्वतःच! नवरा नाही, तांब्या नाही.

"अन् वांगं कुठी गेलं वं?" शेवंताकाकूंनी विचारलं.

"सुटलं ते, काकू," म्हणत कमलनं पान उलटलं.

रात्री मी म्हणालो, "तुझा सातवा सांग ना एकडाव."

"आता खरा हाय ना घरात," ती म्हणाली.

आज आठवा वाचायचा होता, पण सकाळपासून तो सापडत नाहीये. बाया अंगणात खोळंबल्या आहेत. हे लिहिताना माझे डोळे घळाघळा वाहतायत. वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये. मिरचीच आहे.