पेलायोच्या गुहेतल्या दहा बाया

आमच्या नत्थूकाकांनी एका कॉलेजच्या ग्रंथालयात तीस वर्षं पुस्तकं पुसली, लावली आणि लावता लावता वाचली. जीव जडला तो थेट स्पेनच्या डोंगरात. आठव्या शतकात तिथं अस्तुरियास नावाचं एक चिमुकलं ख्रिस्ती राज्य उभं राहिलं. अरबांच्या फौजांनी बहुतेक सगळा देश घेतला, तेव्हा पेलायो नावाचा सरदार मूठभर माणसांनिशी कोवादोंगाच्या गुहेशी उभा राहिला आणि लढाई जिंकून राजा झाला.

"त्या राज्याच्या दरबारी पोथीत शत्रू किती? एक लाख सत्त्याऐंशी हजार!" काका जेवताना वरणाचा चमचा उगारून सांगत. "तेही दीडशे वर्षांनी लिहिलेलं. आन् दुसऱ्या बाजूच्या, अरबांच्या पोथीत? पेलायोजवळ तीस माणसं आन् दहा बाया उरल्या होत्या, मध खाऊन जगत होत्या. म्हणून दोन्हीकडचं वाच गा."

मी पुतण्या, त्यामुळे पळायची सोय नव्हती.

यंदा आमच्या कुळाचा मेळावा ठरला. आम्ही मूळचे विणकर. आता माग कुणाच्याच घरी नाही. स्मरणिकेत 'आपलं कूळ नागपुरात कसं आलं' हा लेख काकांनी लिहायचा होता. जन्मभर दुसऱ्यांची पुस्तकं पुसलेल्या माणसाचं नाव पहिल्यांदा छापून येणार, म्हणून स्वारी हरखून गेली होती. टाइप मी करत होतो.

काकांनी लिहिलं, दुष्काळात चार भाऊ माग डोक्यावर घेऊन उमरेडहून चालत आले. अध्यक्ष बाबनरावांचा पारा चढला. त्यांना मूळपुरुष सेनापतीच हवा होता.

"नत्थूभाऊ, हातात तलवार दाखवा. नाही तं आपण लेख छापून नाही राहिलो."

मला असा संताप आला! काका एवढंच म्हणाले, "तलवार लिहिली तं मी त्या एक लाखवाल्याच्याच पंगतीत बसलो." पण चेहरा पार उतरला होता.

साक्षीला कुणीतरी हवं म्हणून आम्ही बाबनरावांच्याच आईकडे गेलो. मैनाबाई नव्वदीच्या पुढच्या. काकांनी लेख वाचला. सुरुवातीला पेलायो होताच.

"त्या दहा बाया काय करत होत्या गा?" म्हातारीनं विचारलं.

"ते कुठं लिहिलं नाही, काकू."

"आन् आपल्यातल्या? चार भाऊ आले म्हणून कोणी सांगितलं तुले?"

"वंशवृक्षात हायेत ना."

"त्या झाडावर एक तरी बाई हाये काय? भाऊ लेकरं होते, नत्थू. त्यायले त्यायची माय घेऊन आली. राधी. नवरा वाटेत मेला. बाईनं सुताच्या कांड्या भराच्या, मागावर बसाचं नाही, अशी रीत, म्हणून दार लावून विणे. लुगडं विकाले मोठ्या पोराले पाठवे. लोकायले वाटे, पोरानंच विणलं. माह्या आजेसासूनं सांगितलं मले."

काका कपाळावर हात मारून मोठ्यानं हसले, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. "स्पेनच्या पोथ्या दोन्हीकडून वाचल्या, आन् घरच्या म्हातारीले एकदा विचारलं नाही! काखेत कळसा आन् गावाला वळसा!"

त्यांनी लेखाचा कागद पालटला आणि कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं. "सांग वं काकू, पहिल्यापासून." बाबनराव दारात उभे होते. ते शेवटपर्यंत तिथंच ऐकत राहिले.

नवा लेख टाइप करताना काकांनी मला स्वतःचं नाव काढायला लावलं. "गोष्ट तिची हाये. 'सांगणार मैनाबाई' एवढंच ठेव." मी पुष्कळ वाद घातला, पण व्यर्थ.

मेळाव्याच्या दिवशी स्मरणिका आली. मैनाबाईंना वाचता येत नाही. काकांनी त्यांचं बोट धरून आधी राधीच्या नावावर ठेवलं, मग त्यांच्या स्वतःच्या.

"आन् तुहं कुठं हाये?"

"माहं नाही टाकलं, काकू."

"मी टाकलं," मागून बाबनराव म्हणाले. "खाली पाहा."

खाली बारीक अक्षरांत होतं : लिहून घेतलं, नत्थूजी.