आत्याची दुहेरी पदवी

पदवीदानाचा जो फोटो मी तुम्हां दोघांना पाठवला, त्यात तुमची आत्या हसत का नाही, असं तुम्ही विचारलंत. ऊन डोळ्यांवर येत होतं, असं मी फोनवर म्हटलं. ते येतही होतं, पण तेवढंच कारण नव्हतं. बाकीचं फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून क्रमाने लिहिते.

आत्या इथे शहराच्या हेब्बाळ भागात एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होती. तिथे दुसऱ्या मजल्यावर अर्धांगवायूच्या रुग्णांचा एक लहान वॉर्ड होता. जीव वाचला आहे, पण हात, पाय किंवा वाचा गेली आहे, अशी माणसं तिथे यायची. आत्या त्यांना उठून बसायला, पेला धरायला, पायरी चढायला पुन्हा शिकवायची. हे काम सावकाशीचं. माणूस आठवडेच्या आठवडे राहतो आणि खाट अडते. त्यामुळे वरच्या बैठकीत हा वॉर्ड बंद करण्याचा विषय अधूनमधून निघायचा. त्या बैठकीला आत्याला कुणी बोलवत नसे. निर्णय काय झाला ते तिला जिन्यात कळायचं.

"त्यांच्या भाषेत मांडता आलं तरच ते ऐकतील, आई," ती मला म्हणाली. म्हणून चाळिशी उलटल्यावर तिने हॉस्पिटल प्रशासन आणि बिझनेस मॅनेजमेंट अशी दोन्हींची एकत्र पदवी करायला घेतली. तीन वर्षं, शनिवार-रविवार वर्ग. हेतू एकच, तो वॉर्ड चालू राहावा.

तुमचे आजोबा जन्मभर सरकारी कारखान्यात इंजिनियर. त्यांचं म्हणणं पडलं, की आमच्याकडे एखादा माणूस दोन खात्यांत मोडत असला, की दोन्ही खाती त्याला दुसऱ्याचा माणूस समजत. तेव्हा आम्ही हसलो. पण झालं अगदी तसंच. प्रशासनाच्या वर्गात ती बिझनेसवाली आणि बिझनेसच्या वर्गात पेशंटवाली. बरोबरचे बहुतेक विद्यार्थी तिच्यापेक्षा बरेच लहान, आयटीतून आलेले. कधीकधी रविवारी ते आमच्या जेवणाच्या टेबलावर अभ्यासाला बसत आणि मी उप्पिट करी. एक नागपूरची मुलगी फार मोकळी होती. ती एकदा म्हणाली, "ताई, तुमचा वॉर्ड म्हणजे हॉटेल आहे हो. पाहुणे जायचं नावच घेत नाहीत."

"जातात की. आपल्या पायांनी चालत जातात," आत्या म्हणाली. "तुमच्या कंपनीतून कुणी चालत घरी जातं का? सगळे कॅबमध्ये मान टाकून झोपलेले."

तीन वर्षांत मी तिला इतकं हसताना तेव्हाच पाहिलं.

शेवटच्या वर्षी प्रकल्प करायचा असतो. आत्याने विषय घेतला, रुग्णाला डिस्चार्ज लिहून दिल्यावर तो प्रत्यक्ष घरी जाईपर्यंत वेळ कुठे जातो. आता इथल्या कानडी मुलखातली एक गोष्ट तुम्हांला सांगायला हवी. रोज दीड तासाचा राहुकाल असतो, वाराप्रमाणे त्याची वेळ बदलते. आपल्याकडे त्याचं एवढं नसतं, पण इथे त्या वेळात कुणी शुभ कामाला हात घालत नाही, आणि आजारी माणसाला घरी नेणं हे तर शुभच काम. सगळे कागद हातात आले, तरी राहुकाल लागला की नातेवाईक खुर्चीत बसून राहतात. खाली नवा रुग्ण खाटेसाठी थांबलेला असतो. सगळ्या वॉर्डांत या उशिराच्या रकान्यात "औषधं यायची आहेत" असं लिहायची पद्धत आहे. राहुकाल असं कुणीच लिहीत नाही.

पीण्या भागातल्या एका कारखान्यात लेथवर काम करणारा एक माणूस तिच्या वॉर्डात होता. त्याची उजवी बाजू गेली होती. शुक्रवारी त्याचे कागद पूर्ण झाले ते नेमके साडेदहाला. त्याची बायको पिशव्या भरून उभी होती, ती पुन्हा बसली. "अक्का, आम्ही स्वल्प थांबतो. राहुकाल जाऊ दे." आत्याने तिला उठवलं नाही. त्या दीड तासात तिने त्या बाईला नवऱ्याला कुशीवर कसं वळवायचं, काखेत हात घालून कसं उभं करायचं, ते शिकवलं आणि तिच्याकडून पुन्हा पुन्हा करवून घेतलं. पहिल्यांदा दोघंही खाटेवर कोसळली. नवरा अडखळत काहीतरी बोलला आणि बायको तोंडाला पदर लावून हसत सुटली. तो म्हणाला होता, लग्नात तरी मला असं उचलायला हवं होतंस.

मग आत्याचा तो रिवाजच झाला. राहुकाल लागला की घरच्यांची शिकवणी. अशा शिकलेल्या घरची माणसं पडून, जखमा होऊन परत हॉस्पिटलात येत नाहीत, हे तिच्या हळूहळू लक्षात आलं. तिने महिनोन्महिने नोंदी ठेवल्या आणि प्रकल्पात उशिराचं खरं कारण लिहिलं. औषधांची सबब तिने लिहिली नाही. वॉर्ड का हवा, याचं याहून चांगलं उत्तर नाही, असं तिला वाटत होतं.

प्रशासनाच्या मार्गदर्शक बाईंना ते फार आवडलं. बिझनेसचे मार्गदर्शक म्हणाले, छान, पण या वेळेत खाट अडते, तिची किंमत मांडा. पदवी दुहेरी, तेव्हा दोघांचंही ऐकणं भाग होतं. तिने तेही प्रामाणिकपणे मांडलं. दुसऱ्या बाजूला, परत न येणाऱ्या रुग्णांमुळे काय वाचतं, तेही लिहिलं. इंग्रजी मी तपासलं. कॉन्व्हेंटमध्ये आमच्याकडून व्याकरण घोटून घेतलेलं, त्यामुळे ते काम माझ्याकडेच असे. अहवाल स्वच्छ होता. मी परीक्षक असते तर तिला पहिल्या वर्गात पास केलं असतं.

हॉस्पिटलने नोंदी वापरू दिल्या होत्या, म्हणून एक प्रत त्यांनाही द्यायची होती. प्रत दिल्यावर काही आठवड्यांनी तिला वरच्या बैठकीचं बोलावणं आलं, पहिल्यांदाच. त्या दिवशी तिने माझी राखाडी इरकल नेसली आणि जाताना देवापुढे हात जोडले. एरवी ती जोडत नाही.

बैठकीत काय झालं ते तिने घरी येऊन थोडक्यात सांगितलं. डायरेक्टरांनी पडद्यावर एकच पान दाखवलं, अडलेल्या खाटांच्या किमतीचं. त्याच्या पुढचं पान, वाचलेल्या खर्चाचं, दाखवलंच नाही. आत्याने ते लावायला सांगितलं. डायरेक्टर अगदी सौम्यपणे म्हणाले, रुग्ण परत आला नाही तर त्यात त्याची बचत आहे, आपली नाही. आणि वॉर्ड बंद करण्याचं कारण म्हणून पुन्हा त्याच पानाकडे बोट केलं.

"हे आमचं नाही, मॅडम. तुमचंच काम आहे."

आकडे चुकीचे नव्हतेच, असं ती मला म्हणाली. चुकीचे असते तर भांडता आलं असतं.

वॉर्ड महिनाअखेरीस बंद झाला. शेवटच्या दिवशी सगळे कागद आदल्या संध्याकाळीच तयार ठेवले होते आणि गाड्या सकाळीच आल्या. ती सोमवारची सकाळ, राहुकालातली. एका म्हाताऱ्या गृहस्थाची मुलगी स्वल्प वेळ द्या म्हणत राहिली. ड्रायव्हरला पुढची खेप होती. आत्याने स्वतःच त्यांची खुर्ची लिफ्टपर्यंत ढकलत नेली.

आता त्या मजल्यावर निरोगी माणसांच्या तपासणीचं केंद्र आहे. सोफे आहेत, कॉफीचं मशीन आहे. आत्याची जुनी जागा उरली नव्हती. नवी पदवी बघून तिला त्या केंद्राचं मॅनेजर केलं. लोक उपाशीपोटी येतात, रक्त देतात आणि जेवायच्या वेळेपर्यंत निघून जातात. कुणी थांबत नाही. केंद्र चांगलं चालतं, असं सगळे म्हणतात. पदवीदान या सगळ्यानंतर झालं. मी आणि आजोबांनी आग्रह केला म्हणून ती आली.

तिचे शनिवार-रविवार आता मोकळे असतात. मागच्या रविवारी अवरेकाळू, म्हणजे इथले पावटे, आणले होते. भिजवलेल्या दाण्याची साल चिमटीत दाबून काढावी लागते, ते आम्ही दोघी करत बसलो होतो. दुसऱ्या एखाद्या हॉस्पिटलात बघ ना, मी म्हटलं. एवढं शिकली आहेस, कुठेतरी असा वॉर्ड उभा करता येईल.

तिने आणखी मूठभर दाणे पुढ्यात ओढले.

"कुठेही गेले तरी तिथे माझ्यासारखंच खाटेची किंमत मांडायला शिकलेलं कुणीतरी आधीच बसलेलं असेल, आई."

आजोबा आतून विचारत होते, भाजीला अजून किती वेळ आहे. ती म्हणाली, झालंच, आणि सालींचं ताट उचलून आत गेली.