दोन भाच्यांची एक लेक

साखरेच्या डब्यात मुंग्या दिसल्या की आमची निर्मलामावशी चहाच रद्द करायची. "थांबा गं, बायका कामावर आहेत." तिच्या लेखी मुंगी म्हणजे बाईच. "नर फक्त लग्नापुरते उगवतात," असं म्हणून ती बाबांकडे बघायची, आणि बाबा पेपर आणखी वर धरायचे.

ही आईची धाकटी बहीण. सुरतेतल्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवायची. लग्न केलं नाही, भेस्तानला आमच्याकडेच राहायची. आई दिवसभर साड्यांना खडे चिकटवायची. मला आणि धाकट्या रेशमाला वाढवलं ते मावशीनं. "तुम्हाला मूलबाळ?" असं कुणी खोचकपणे विचारलं, की हिचा तास सुरू. "कामकरी मधमाशी सहसा अंडी घालत नाही. मग तिचा कष्टाळूपणा पुढे उतरतो कसा? बहिणींतून! नराकडे वारशाचा एकच संच, तो प्रत्येक मुलीला अख्खा मिळतो. म्हणून सख्ख्या बहिणी एकमेकींशी बारा आणे सारख्या, आणि पोटची लेक आठच आणे. मग लेकी कशाला काढायच्या? आईला बहिणी काढू द्याव्यात, आपण वाढवाव्यात. असं करत करत कामकऱ्यांची जातच तयार झाली!"

"म्हणजे मी राणी का गं?" आई करवादायची. "राणीला भांडी घासावी लागतात?"

"आणि वाळवी? तिच्यात तर नरही राबतात," रेशमा डिवचायची.

"वाळवीचं उद्या." तो उद्या अजून उजाडायचाय.

माणसांत भाची चार आणे, म्हणजे दोन भाच्या मिळून एक लेक, असा मावशीचा लाडका हिशेब. आम्ही भांडलो की म्हणायची, "माझी लेक स्वतःशीच भांडतेय."

माझ्या हळदीला मावशी नवी साडी नेसून, वाटी घेऊन पुढे आली, आणि आत्यानं हात आडवा घातला. "तू नको वं निर्मला. हाई सवासनीस्नं काम शे." मावशीचं तोंड एवढंसं झालं. माझं डोकंच फिरलं. "मावशीनं लावली नाही, तर मी पाटावरून उठते," मी म्हणाले.

मावशीनं घसा खाकरला आणि मधमाश्यांपासून सुरुवात केली. थेट भाच्यांपर्यंत आली. "अक्का, मी हिची अर्धी आई झाले. आईला कुणी अडवतं का?"

आत्याचा सुरतेतल्याच पर्वत पाटिया भागात कटपीसचा, म्हणजे कापडाच्या तुकड्यांचा धंदा. मधमाश्या तिच्या डोक्यावरून गेल्या, पण 'अर्धी' बरोब्बर कळलं. "अर्धी माय चालाव नही," ती म्हणाली. मग एकदम तिचे डोळे चमकले. "पन दोन कट जोडात ते साडी पुरी व्हस! धाकलीले बी बसाडा बाजूले!"

जीन्स घातलेली रेशमा "मला नाही लग्न करायचं!" म्हणून बोंबलत होती. बायकांनी तिला पाटावर दाबून बसवलं. मावशीनं आम्हा दोघींना हळद लावली. रेशमाला जरा जास्तच फासली, वाळवीबद्दल.

मग तिचा हात माझ्या गालावरच थांबला. आत्यानंच तिच्या पाठीवर हात ठेवला. "रड वं, रड. आता तू पोरीस्नी माय शे."

आणि मावशी हमसून हमसून रडली. मला तिला सोडून कुठेही जायचं नव्हतं.